डेल्फीआत्याने दाखवलेलं थडगं

माझी आत्या डेल्फिया रेडर हिला कुणाला नाही म्हणता येत नसे. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर तिला रात्री झोप लागायची नाही. सगळ्या खोऱ्यात तिचं या गोष्टीसाठी नाव होतं, आणि मलाही बरीच वर्षं त्याचं कौतुक वाटायचं. आता विचाराल तर माझं मत वेगळं आहे. ते का बदललं, तेच सांगायला बसलेय.

व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात आमच्या खोऱ्याला रेडरचं खोरंच म्हणतात, कारण पहिल्यांदा इथे झाडं तोडून शेत काढलं ते आमच्या लोकांनी. पेनसिल्व्हेनियातून निघून डोंगरांच्या कडेकडेने टेनेसीकडे जाणारा जुना गाडीरस्ता आत्याच्या अंगणाला लागून जातो. अर्धा आता डांबरी झालाय, उरलेला कुरणातून खाली जाऊन ओढ्याच्या उतारापाशी, म्हणजे पाणी उथळ आहे तिथे, पाण्यात शिरतो आणि पलीकडे निघतो. उताराच्या अलीकडे झरा, झऱ्याच्या वर एक बुटकं टेकाड. जमीन आत्याची, टेकाडही आत्याचं.

उन्हाळा लागला की या रस्त्याने पूर्वज शोधणारी माणसं येतात. ओहायोची, मिसूरीची, पार ओरेगॉनची. डोक्यावर मोठाली टोपी, गळ्यात कॅमेरा, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, इथे जुनं दफन कुठे आहे? प्रत्येकाचा खापरपणजोबा शूर होता, आणि प्रत्येकाचा इथेच कुठेतरी तापाने गेला होता. मी एकदा आत्याला म्हटलं, अगं, एवढी सगळी इथेच मेली असतील तर पुढे टेनेसीत पोचलं कोण? आत्याने मला लाटणं दाखवलं. तिला या लोकांची चेष्टा खपायची नाही. ती त्यांना ओढा दाखवायची, झऱ्याचं पाणी पाजायची, चाकांनी खडकात पडलेल्या चाकोऱ्यांवर त्यांचा हात ठेवायला लावायची, आणि मग स्वयंपाकघरात बसवून घेवडा, मक्याचा पाव आणि वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलं होतं. चार माणसांपुरतं शिजवायला तिला कधी जमलंच नाही. लग्न केलं नव्हतं. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं ते तिनेच. तेव्हा तिच्याविरुद्ध बोलायचा मला काही हक्क आहे की नाही, कोण जाणे. पण बोलणार आहे.

विमर कुटुंब आलं तेव्हा मी नुकती लग्न होऊन ओढ्यापलीकडे राहायला गेले होते. इंडियानाचे म्हातारे लूमिस विमर चाकाच्या खुर्चीत, नाकाला प्राणवायूची नळी, आणि खुर्ची ढकलणारा त्यांचा मुलगा रेक्स. म्हातारबाबांनी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरपासून निघून या रस्त्यावरचं एकेक कब्रस्तान पालथं घातलं होतं. त्यांचा मूळपुरुष योहान विमर गाडी घेऊन निघाला आणि वाटेत कुठल्याशा उतारावर तापाने गेला. बायकोने त्याला पुरलं, आणि थंडी यायच्या आत पोचायचं म्हणून मुलांना घेऊन पुढे गेली. कुठे पुरलं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारबाबा आत्याला म्हणाले, "बाई, माझा पाहायचा राहिलेला हा शेवटचा उतार. इथे नसेल तर मला आता तो भेटायचा नाही."

त्यांचे ओठ निळे पडले होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात उचलून टेकाडाकडे बोट केलं. तिथे तेव्हा बुटक्या, न घडवलेल्या दगडांच्या ओळी होत्या, शेतातून आणून डोक्याशी एक आणि पायाशी एक रोवलेले, कुणावरच नाव नाही. मधून निळ्या फुलांची वेल पसरलेली, आमच्याकडे थडग्यांवर लावतात ती. आत्या म्हणाली, "तो सगळ्यात मोठा दगड दिसतो ना, तो. माझी आजी सांगायची, तिथे एक जर्मन माणूस आहे म्हणून."

रेक्सने आणि माझ्या नवऱ्याने म्हातारबाबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. त्यांनी त्या दगडाला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू? त्याच हिवाळ्यात ते गेले. रेक्सने पत्राने कळवलं, बाबा समाधानाने गेले, तुमचे उपकार कधी फिटणार नाहीत. आत्याने ते पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. मला नवल वाटलं, कारण ती तर दुकानातून आलेलं सामानाचं वेष्टणसुद्धा जपून ठेवणारी बाई.

पुढच्या वसंतात विमर मंडळी फौजफाटा घेऊन आली. ट्रकवर काळ्या ग्रॅनाइटचा घडीव दगड, त्यावर योहानचं नाव आणि गाडीचं चित्र. त्यासाठी पाया खणला. मोठा जुना दगड उपटून बाजूला टाकला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बाकीचे बारके दगड गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला लागतील. रेक्सने आत्याला हाक मारून विचारलं, हे नुसते शेतातले दगड ना, काढले तर चालतील? आत्या ओसरीवर लिंबूसरबताचा जग घेऊन उभी होती. ती म्हणाली, चालतील. त्यांनी ते सगळे हातगाडीत भरले आणि ओढ्याच्या उतारात टाकले, म्हणजे मोटारी चिखलात रुतणार नाहीत. टेकाडावर एक म्हातारा देवदार होता, जेवणाची टेबलं मांडायला आड येतो म्हणून तोही पाडला. निळी वेल एका दुपारी साफ झाली. संध्याकाळी टेकाड कसं न्हाव्याकडून आल्यासारखं दिसत होतं. सगळ्यांनी वाहवा केली, मीसुद्धा.

त्या दिवशी आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ऊन बाधलं.

आमच्या डोंगरात मे महिन्यात एक रविवार थडगी सजवायचा असतो. सगळं घरदार कब्रस्तानात जमतं, गवत काढतं, प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवतं, आणि मग तिथेच गवतावर चादरी पसरून जेवण. विमर लोकांनी आमचाच तो रविवार धरला. दरवर्षी नवीन माणसं, नवीन बाळं, एकसारखे सदरे घातलेली. चुलत, मावस, आते, सगळी माळ. आत्याला मानाची खुर्ची टेकाडाच्या पायथ्याशी झाडाखाली, छातीला फूल टोचायचं, तिच्या हातची कोंबडी आणि शिजवलेल्या पिठाचे गोळे खायला रांग. ते सगळे तिला डेल्फीमावशी म्हणायचे. पण त्या रविवारी टेकाडावर ती एकदाही चढली नाही. गुडघे धरलेत म्हणायची. तेच गुडघे जुलैत रानबोरं तोडायला कुरणाच्या टोकापर्यंत जायचे, हे मला दिसत होतं. मी टोचून बोलायचे, आत्या, तुझे गुडघे फक्त मे महिन्यातच दुखतात वाटतं? ती म्हणायची, तू तुझं भांडं घास.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग ऑर्थिया गेन्स आल्या.

तो गुरुवार होता, विमर लोकांच्या रविवारच्या आधीचा. मी आत्याच्या स्वयंपाकघरात तिच्या केसांना रोलर लावत होते. गावात माझं केस कापायचं दुकान आहे, पण आत्या तिथे यायची नाही. म्हणायची, आरशात सगळ्या गावाला माझं डोकं कशाला दाखवू? दार वाजलं. जाळीच्या दाराबाहेर एक उंच काळी बाई काठी घेऊन उभी. वय आत्यापेक्षा थोडं कमी, निळा इस्त्रीचा झगा, बूट पुसलेले. नाव सांगितलं, ओहायोत कोलंबसला राहते म्हणाल्या, जन्मभर शहराची बस चालवली, आता निवृत्त. मोटेलवाल्याने सांगितलं की पूर्वजांचं काही विचारायचं तर डेल्फी रेडरकडे जा.

आत्याने खुर्चीवरूनच विचारलं, कुणाचं?

ऑर्थियाबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "माझे लोकही याच रस्त्याने आले, बाई. गाड्यांच्या मागून. चालत. माझ्या आजीची आजी सांगून गेली, तिच्या आईचं नाव जिन्सी. ती लहान पोर असताना रेडर लोकांच्या गाडीमागे चालत आली, आणि इथेच म्हातारी होऊन गेली. झऱ्याच्या वर टेकाडावर, देवदाराशेजारी. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. मला फक्त जागा पाहायचीय."

माझी बोटं आत्याच्या केसांत होती. तिने डोकं माझ्या हातातून ओढून घेतलं. ती म्हणाली, मला काही ठाऊक नाही. बाईंनी मान वळवून टेकाडाकडे पाहिलं, तिथे काळा ग्रॅनाइट चमकत होता. ते कुणाचं, त्यांनी विचारलं. विमर लोकांचं, आत्या म्हणाली. आणि देवदार, बाईंनी विचारलं. इथे देवदार नाही, आत्या म्हणाली.

ते खरंच होतं म्हणा. देवदार नव्हताच आता.

ऑर्थियाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, सोमवारी सकाळपर्यंत मी मोटेलवर आहे, काही आठवलं तर कळवा. काठी टेकत गाडीकडे गेल्या. मी आत्याच्या अंगावर धावूनच गेले. म्हटलं, अगं, दारात आलेल्या बाईला तू आत ये म्हणाली नाहीस? पाणीसुद्धा विचारलं नाहीस? जन्मात कधी असं केलं नाहीस तू. तिचा रंग पाहून ना? आत्याने डोक्यातले रोलर एकेक करून काढले आणि टेबलावर ठेवले. मी तणतणत घरी गेले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

शनिवारी दुपारी गेले ते केक किती झाले पाहायला. एकही नव्हता. ओटा कोरडा, पीठ डब्यात, आणि आत्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसलेली. काल काही खाल्लं नव्हतं, हे शेगडीकडे पाहूनच कळलं. मला म्हणाली, रो, बस. आणि मग तिने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता.

आजीने कधी कुठल्या जर्मन माणसाचं नाव घेतलं नव्हतं. आजी काय सांगायची ते आत्याला शब्द न् शब्द आठवत होतं. लहानपणी सजवायच्या रविवारी आपल्या लोकांच्या थडग्यांवर फुलं ठेवून झाली की आजी आत्याचा हात धरून या टेकाडावर यायची. उरलेली पिवळी आयरिसची फुलं बरणीत घालून ठेवायची आणि म्हणायची, ही माणसं आपल्याबरोबर आली. आपण गाडीत होतो, ही चालत होती. आपल्या लोकांनी विकत घेतलेली माणसं. या दगडांना गुरं लागू द्यायची नाहीत. आणि शेवटची बरणी नेहमी एकाच जागी, देवदाराच्या बुंध्यापासून तिसऱ्या दगडाशी. तिथे जिन्सी. ती सुईण होती. आजीचा सासरा, म्हणजे आपलं सगळं पुढचं घराणं, तिच्या हातात जन्मला. आजी म्हणायची, या बाईने आपल्याला बाहेर काढलं आणि आपण तिच्या दगडावर नावसुद्धा घातलं नाही.

मी विचारलं, मग विमर म्हाताऱ्याला का सांगितलंस?

"त्याचे ओठ निळे होते, रो. तो मरायला टेकला होता, आणि माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, या दगडांवर कुणाचंच नाव नाही, कुणी विचारायला येत नाही. एक दिला तर काय बिघडलं?"

"आणि दगड काढले तेव्हा?"

"तेव्हा बोलले असते तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं," ती म्हणाली. "सरबत घेऊन उभी होते मी. एकेक दगड हातगाडीत पडताना मोजत होते. तिसरा कुठला ते मला कळलं. आणि मी त्या पोरांना विचारलं, बर्फ आणखी हवा का."

तिचा राग यावा तेवढा आला होता, आणि तिची कीवही आली, आणि कीव येतेय म्हणून स्वतःचा राग आला. आम्ही सगळे इतकी वर्षं त्या उतारातून मोटारी नेत होतो. दर रविवारी चर्चला जाताना मी त्या दगडांवरून जात होते. मी तिला विचारलं, परवा त्या बाईला का नाही सांगितलंस? आत्या म्हणाली, तिला सांगितलं की विमर लोकांनाही सांगावं लागणार. आणि रविवारी सत्तर माणसं माझ्या हातचं जेवायला येणारेत. ती मला मावशी म्हणतात. मला दुसरं कोण आहे?

मी होते. पण ते मी बोलले नाही.

मग मी तिला म्हटलं, हे बघ, ती बाई सोमवारी जाणार. तिला काठी लागते. पुन्हा एवढ्या लांब येईल असं वाटत नाही मला. उद्या तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते जास्त वाईट लागेल. आत्या उठली, पीठ काढलं, कोंबडी चिरायला घेतली. मला वाटलं, ही सांगत नाही आता.

पण रविवारी ती टेकाड चढली. मे महिन्यात. माझा हात धरून, मधे दोनदा थांबून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डेल्फीमावशी वर आली म्हणून. रेक्स आता स्वतःच आजोबा झाला होता, त्याने तिला ग्रॅनाइटच्या शेजारी खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सगळ्यांना सांगितलं, की तुमचा योहान इथे नाही. इथे कधीच नव्हता. मी तुमच्या वडिलांना खोटं दाखवलं. इथे आमच्या घराने गुलाम करून आणलेली माणसं आहेत, आणि तुम्ही काढलेत ते त्यांचे दगड होते, आणि काढा म्हटलं ते मी.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हळूहळू हसू लागले, पोराने काही बोबडं बोलल्यावर हसतात ना, तसे. रेक्सने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, ऊन लागलंय तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्हीच दाखवलंत ना? तुमच्या आजीने सांगितलेलं?"

"आजीने नाही सांगितलं. मी रचून सांगितलं."

"बाबा या दगडाला धरून रडले होते."

"हो. मी बघत होते," आत्या म्हणाली. "तो दगड त्यांच्या कुणाचा नव्हता, रेक्स."

रेक्सचा चेहरा क्षणभर कडक झाला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला पटलं होतं. पण त्याच्या मागे त्याची नातवंडं उभी होती, योहानच्या नावाचे सदरे घालून, आणि त्याने मान वळवली. त्याच्या बहिणीने सरबत आणलं, आत्याच्या छातीला फूल टोचलं. ठरल्याप्रमाणे एका मुलीने योहान विमरची कहाणी वाचून दाखवली. मग सगळे जेवायला बसले. जाताना रेक्स मला बाजूला घेऊन म्हणाला, त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवा, या वयात डोकं असंच जातं. मी म्हटलं, तिचं डोकं ठिकाणावर आहे. तुमच्या योहानचं ठिकाण तेवढं शोधा. तो गाडीत बसला. सगळ्या गाड्या एकामागून एक उतारातून पलीकडे गेल्या. आत्या ओसरीवर उभी राहून चाकांखालच्या दगडांचा आवाज ऐकत होती. फूल तसंच छातीला होतं. मी ते काढलं.

सोमवारी सकाळी मी तिला मोटेलवर नेलं. वाटेत म्हटलं, मी सांगू का? नको म्हणाली. ऑर्थियाबाईंची बॅग भरलेली, दार उघडं. आत्या दाराबाहेरच उभी राहिली आणि तिथूनच सगळं सांगितलं. जिन्सी, तिचं सुईणपण, आजीची बरणी, निळे ओठ, दगड, देवदार. काही राखून ठेवलं नाही, स्वतःला सावरायलाही काही मागितलं नाही. ऑर्थियाबाई पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होत्या. सुईण होती हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "मला गुरुवारीच कळलं होतं."

आत्याने विचारलं, कसं?

"या खोऱ्यात पेट्रोल भरायला थांबले तरी लोक सांगतात, डेल्फी रेडर कुणाला उपाशी जाऊ देत नाही. मला तुम्ही दाराबाहेर उभं ठेवलंत. तेव्हाच म्हटलं, आहे ती इथेच."

आत्याने भिंतीला हात टेकवला. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही, आणि ते बरं झालं, नाहीतर त्या बाईंना तिचीच समजूत काढायला लागली असती. ऑर्थियाबाई उठल्या, काठी घेतली आणि म्हणाल्या, चला, दाखवा.

टेकाडावर आदल्या दिवशीच्या टेबलांच्या पायांच्या खुणा गवतात होत्या. एक कागदी बशी राहून गेली होती, ती मी उचलली. गवत बारीक कापलेलं, एकसारखं, इकडून तिकडे नुसतं हिरवं. ऑर्थियाबाई चार पावलं चालून मधोमध थांबल्या. योहान विमरच्या ग्रॅनाइटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वळून आत्याला विचारलं, "कुठली?"

आत्या देवदार जिथे होता असं तिला वाटत होतं तिकडे गेली. खाली वाकली, हाताने गवत चाचपलं. बुंधा कधीच उपटून काढलेला, खळगा माती घालून बुजवलेला. ती जरा डावीकडे सरकली, मग पुन्हा उजवीकडे आली. तिसरा दगड, ती स्वतःशी पुटपुटत होती, पण तिसरा कुठून? ऑर्थियाबाई वाट पाहत होत्या. आणि मग आत्या उभी राहिली आणि तिने उजवा हात उचलला. त्या बाईंचे डोळे तिच्या बोटाकडे लागले होते. आत्याने कुठेही बोट केलं असतं तरी त्यांनी मानलं असतं, तिथे गुडघे टेकले असते, आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं की सापडली. कुणाला कधी कळलं नसतं.

आत्याने हात खाली घेतला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "दगड होते तेव्हा दाखवता आलं असतं. आता मला माहीत नाही."

ऑर्थियाबाईंनी मान हलवली. मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आजूबाजूच्या त्या सपाट गवताकडे पाहिलं.

"म्हणजे मी आत्ता कुणावर उभी आहे, तेही तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आत्या जिथे होती तिथून हलायलाही घाबरत होती. मी तिच्याजवळ गेले आणि तिला धरून, एकेक पाऊल चाचपत, टेकाडाच्या कडेपर्यंत आणलं. मागे वळून पाहिलं तर ऑर्थियाबाई मध्यावर तशाच उभ्या होत्या. त्यांनी काठी हवेत धरली होती, कारण ती टेकवायची कुठे, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.